सद्यस्थितीच्या रकान्यातले दोन शब्द

हिंगोलीच्या केंद्राचा आढावा घ्यायला मी स्वतःहून नाव दिलं, तेव्हा कार्यालयात सगळ्यांना वाटलं की बाईंना आता कामात मन रमवायचं आहे. तसं काही नव्हतं. मला एका जागी बसवत नव्हतं, एवढंच. नवरा जाऊन सात महिने झाले होते. खुर्चीत बसलं की पाच मिनिटांत उठावंसं वाटे आणि उठल्यावर कुठं जायचं ते कळत नसे. वाचायची सवय जन्माची, पण त्या महिन्यांत मी पुस्तकाच्या पानात बोट घालून घरभर फिरायची आणि संध्याकाळी तेच पान पुन्हा उघडायची. प्रवासात निदान खिडकीबाहेरचं तरी पुढं सरकतं, असं मनात आलं असेल.

विद्यापीठाच्या मुख्य कार्यालयात मी तक्रार निवारण कक्षाची कक्ष अधिकारी आहे. लांबच्या जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांना एका कागदासाठी मुख्यालयापर्यंत यावं लागू नये म्हणून विद्यापीठानं जिल्ह्याच्या गावी सुविधा केंद्रं उघडली. अर्ज तिथं द्यायचा, प्रमाणपत्र तिथंच घ्यायचं. वाटेत काही अडलं तर केंद्रातला लिपिक तक्रारीच्या तक्त्यात नोंद करतो. हा तक्ता संगणकावर असतो, त्याला आणि आम्हाला एकाच वेळी दिसतो. शेवटचे दोन रकाने महत्त्वाचे. ‘सद्यस्थिती’ केंद्रानं भरायची आणि ‘निर्णय’ आमच्या कक्षानं. दर शुक्रवारी दुपारी मी तक्ता वाचून सही करते. सही झाली की नोंद निकाली निघते.

हिंगोलीच्या केंद्राविषयी कुरबुर वाढली होती. नाव चुकीचं छापलेली, दुरुस्तीला दिलेली पदवी प्रमाणपत्रं लोकांना मिळतच नव्हती. तक्त्यानुसार मात्र ती केंद्रावर जाऊन पडली होती. एका माणसाच्या कपाटात इतकी प्रमाणपत्रं अडकतात तेव्हा लोक एकच अर्थ काढतात, आणि मुख्यालयानंही तोच काढला होता. केंद्रात एकच कंत्राटी लिपिक, एक बाई. तिचं कंत्राट मार्चअखेर संपत होतं. आम्ही दोघांनी जाऊन सेवा कशी चालते ते पाहायचं, सुधारणा सुचवायच्या आणि त्या बाईला पुन्हा घ्यायचं की नाही ते लिहायचं, असा आदेश होता. दोघं म्हणजे मी आणि परीक्षा विभागाचे अधीक्षक.

मी उतरले होते माझ्या थोरल्या नणंदेकडं, अक्कांकडं. नवऱ्याचं गाव तिथून जवळच, जवळा बाजार गावाच्या अलीकडं. माझं माहेर साताऱ्याकडचं. लग्नानंतर सणावारी येणं व्हायचं, पण एकटी अशी मी पहिल्यांदाच आले होते. अक्का माझ्यापुढं भाकरी ठेवून समोर बसायच्या. मी दोन घास खाऊन हात धुवायला उठायची, परत यायची, पुन्हा दारात जाऊन उभी राहायची.

“अगं बस की जरा,” त्या म्हणाल्या. “काहून फिरून राहिली अशी? माझा भाऊबी गेला ना. मी बसलेच हाय की न्हाई?”

मी बसले. अक्का आत पाणी आणायला गेल्या तशी परत उठले.

केंद्र पहिल्या मजल्यावर होतं. खाली हळदीच्या व्यापाऱ्याचं गोदाम. हंगाम असल्यानं पोती सारखी आत-बाहेर होत होती आणि जिन्याच्या पायऱ्यांवर, कठड्यावर, वरच्या बाकांवर बारीक पिवळी धूळ बसलेली. लिपिक बाई चाळिशीच्या. डोक्यावरून ओढणी, जाड चष्मा. लोक त्यांना ‘आपा’ म्हणत. टेबलाच्या काचेखाली त्यांनी हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या मांडल्या होत्या. कोणत्या कामाला कोणते कागद, किती प्रती, फोटो लागतो की नाही. विद्यापीठानं छापलेलं माहितीपत्रक भिंतीवर लावलेलं होतं, पण बाकावरचे लोक उठून काचेखालचंच वाचत होते. मी तेवढ्यापुरती वही काढून लिहून घेतलं. हे सगळ्या केंद्रांत करता येईल, असं.

“चहा मागवा तीन,” अधीक्षक बसता बसता म्हणाले.

“दोन मागवते सर. माझे रोजे चालू हायेत.”

“अरे हो. मग आम्ही तुमच्यासमोर कसा प्यायचा?”

“प्या ना सर. चहा तुमी पिल्यानं माझा रोजा कसा मोडंल?”

अधीक्षक हसले. मग चहा यायच्या आतच त्यांनी विषय काढला. “कपाटात पडून असलेली प्रमाणपत्रं काढा बरं सगळी.”

“पडून कोणती सर? आली तशी वाटली. ही पोचवही, सह्या हायेत बघा.”

“एकही शिल्लक नाही?”

“न्हाई सर.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तक्त्याची छापील प्रत त्यांच्या पिशवीत होती. त्यांनी ती बाहेर काढली नाही. चौकशीत समोरच्याला कागद आधी दाखवायचा नाही, आधी त्याच्या तोंडून काय येतं ते पाहायचं, ही आमच्याकडची रीत. मीही आजवर तीच पाळली होती. कपाट उघडलं तर आत कोरे अर्ज, शाईच्या बाटल्या आणि नमाजाची घडी घातलेली चटई. प्रमाणपत्र एकही नाही. अधीक्षकांनी कपाट बंद केलं आणि हात पुढं केला.

“किल्ली आढावा संपेपर्यंत आमच्याकडं राहू द्या.”

बाईंनी किल्ल्यांचं जुडगं काढलं. मग जुडग्यातून किल्ली सोडवायला लागल्या. कडी घट्ट होती, नखानं उघडेना. बाकावर चारपाच लोक बसलेले, सगळे पाहत होते. मी खिडकीशी गेले. खाली एक टेम्पो मागं येत होता, तो नीट लागेपर्यंत मी तिथंच उभी होते.

जिना उतरताना अधीक्षक म्हणाले, “नोंदीत एक आणि तोंडात एक. मॅडम, हे सरळ नाही. प्रमाणपत्रं घरी नेऊन ठेवली असणार.”

“घरी कशाला नेईल?”

“आता मी काय सांगू? तुम्हाला कळतंय की.”

मला कळत होतं. मला ते पटतही होतं, हे लिहून ठेवलं पाहिजे. दोन वर्षं मी त्या नोंदी वाचत आले होते. कागदावर लिहिलेल्या गोष्टीवर माझा पहिल्यापासून माणसापेक्षा जास्त भरवसा.

पुढचे दोन दिवस अधीक्षक आवक-जावक तपासत बसले आणि मी, बसवत नसल्यामुळं, लोकांमध्ये उभी राहिले. कोणी कुठून आलंय, कितव्यांदा, हे विचारत होते. डोंगरकड्याहून आलेली एक मुलगी सांगत होती की वेबसाइटवर जे लिहिलंय ते आपाला विचारल्याशिवाय कळत नाही. एक म्हातारे शिक्षक नातवाचं स्थलांतर प्रमाणपत्र न्यायला आले होते, ते म्हणाले, इथं निदान माणूस आहे. बाई सगळ्यांना एकाच सुरात बोलत होत्या. ओरडत नव्हत्या, गोडही बोलत नव्हत्या. कागद उलटा करून मागं पेन्सिलीनं काय राहिलं ते लिहून देत. मी त्यांच्यात खोट शोधत होते आणि ती सापडत नाही म्हणून आणखी अस्वस्थ होत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी सेनगावकडचे एक गृहस्थ आले. बस चुकली म्हणून जीपनं आले होते, कपड्यांवर धूळ होती. त्यांच्या मुलीच्या पदवी प्रमाणपत्रावर तिच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. तिची नर्सच्या नोकरीसाठी निवड झाली होती आणि कागदपत्रांच्या पडताळणीत दुरुस्त प्रमाणपत्र मागितलं होतं.

“आपा, चौथी चक्कर हाय माझी,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “काय लागत असंल ते एकदा सांगून टाका ना मोकळेपणानं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “काका, मला काई लागत न्हाई. तुमच्या पोरीला सर्टिफिकेट लागतं, ते मी रोज मागून राहिले. आपा म्हणता अन् असं बोलता?”

“मी कुठं काय बोललो? मी फोन केला होता तिकडं मोठ्या हापिसात. ते म्हणले, तुमचं केंद्रावर पडलंय, तिथून घ्या. समदे हेच म्हणून राहिले, कागद आपाच्या कपाटात हायेत.”

“कपाट तर आता साहेबांनी बंद केलं. किल्ली त्यांच्याकडं. घ्या बघून.” त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. “मला सांगतात निघालं. तुमाला सांगतात आलं. मधी कुठं बसलं ते, गाडीतून उतरून?”

बाकावरचं कोणीतरी हसलं. ते गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी रुमालानं मान पुसली आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. बाईंनी तो कानाशी धरला आणि दुसऱ्या हातानं संगणकावर तक्ता उघडला. मी त्यांच्या खुर्चीमागं उभी होते.

“व्हय. हां, बोल बाळा. न्हाई, अजून न्हाई हातात. येऊन राहिलं तुझं, निघालंय तिकडून. व्हय, येऊन राहिलं. आलं की मीच फोन करते.”

हे बोलताना त्यांची बोटं चालू होती. सद्यस्थितीच्या रकान्यात अक्षरं उमटली: *प्रमाणपत्र येऊन राहिले.*

हे दोन शब्द मी दोन वर्षं दर शुक्रवारी वाचत होते. येऊन राहिले. म्हणजे आले आणि राहिले. केंद्रावर पोचले, न्यायला कोणी आले नाही, पडून राहिले. मी तसंच वाचलं होतं, आणि तसं वाचून निर्णयाच्या रकान्यात ‘निकाली’ लिहून सही केली होती. आता तेच शब्द एका तोंडातून ऐकू येत होते आणि त्याच माणसाच्या बोटांतून उतरताना दिसत होते. त्यांचा अर्थ होता, येत आहे. अजून आलेलं नाही. वाटेवर आहे.

माझा नवरा असंच बोलायचा. आमच्या शहरात तीस वर्षं राहून, शाळेत गणित शिकवून, त्यानं भाषा बरीचशी आमच्यासारखी केली होती. पण फोनवर घाईत असला की गावचीच यायची. शाळेतून निघाला की फोन करून म्हणायचा, “येऊन राहिलो.” मी विचारायची, “येऊन कुठं राहिलात?” तो म्हणायचा, “पानाच्या टपरीवर.” लग्नाच्या पहिल्या वर्षी हा विनोद सुरू झाला आणि नंतर तो विनोदही उरला नाही, नुसती सवय झाली. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं विचारायचं. मुलगी लहान असताना तिनं कधी ‘करून राहिले’ म्हटलं तर मी तिला सुधारायची. तो ऐकत असायचा.

घरी ज्या शब्दांचा अर्थ मला नीट माहीत होता आणि ज्यांचा मी मुद्दाम चुकीचा अर्थ काढून हसत होते, तोच चुकीचा अर्थ कार्यालयात मी खरा मानून सह्या करत होते. घरातले कान आणि कचेरीतले डोळे कधी एकमेकांना भेटलेच नव्हते. मला उभं राहवेना, असं त्या महिन्यांत पहिल्यांदाच झालं. मी बाकावर त्या सेनगावच्या गृहस्थांशेजारी जाऊन बसले. ते थोडे सरकले.

संध्याकाळी अधीक्षकांना सांगितलं. ते आधी मोठ्यानं हसले, मग छापील तक्ता काढून एकेक ओळ बोटानं दाखवत वाचू लागले. तीसेक ठिकाणी तेच शब्द होते.

“बाई उर्दू शाळेतल्या असतील, त्यामुळं मराठी…”

“माझा नवरा मराठी शाळेत शिकवायचा,” मी म्हटलं. “तोही हेच म्हणायचा. इकडं सगळेच म्हणतात. तुमच्या हॉटेलातल्या वेटरला विचारा, भाजी कुठं आहे म्हणून.”

“मग छपाई का झाली नाही?”

“आमच्या कक्षाचं स्मरणपत्र गेल्याशिवाय तुमचा विभाग दुरुस्तीचं प्रमाणपत्र छापायला घेत नाही. नोंद निकाली निघाली की स्मरणपत्र जातच नाही. सगळी तुमच्याकडंच असतील, न छापलेली.”

त्यांनी तिथूनच फोन लावला. विभागातल्या माणसानं गठ्ठा शोधायला वेळ घेतला. गठ्ठा होता. प्रत्येक अर्जावर ‘निकाली’ असा शिक्का आणि माझ्या सहीची तारीख.

अधीक्षक वाईट माणूस नाही. फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “मॅडम, आपण ‘भाषिक संदिग्धतेमुळे विलंब’ असं लिहू. बाई सुटतात. कोणी सही केली ते लिहायची गरज नाही. आणि कोणी काढलंच, तर तुमच्यावर जो प्रसंग आला तो सगळ्यांना माहीत आहे. त्या मनःस्थितीत कोणाचंही होईल. कोणी शब्द बोलणार नाही.”

मोह झाला. एवढ्या महिन्यांत माझ्या दुःखाचा कोणाला, मलाही, काही उपयोग झाला नव्हता, आणि आता ते असं हाताशी आलं होतं. पण तारखा समोर होत्या. निम्म्या सह्या तो असतानाच्या होत्या. त्या शुक्रवारी मी घरी जाऊन त्याच्याबरोबर जेवले असेन, मुलीशी फोनवर बोलले असेन, झोपही नीट लागली असेल.

“त्या वेळी मी चांगली होते,” मी म्हटलं. “माझं नाव लिहू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, लोक यायच्या आत, मी किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली आणि तक्ता उघडून त्यांना दाखवला. कोणता शब्द, आम्ही तो कसा वाचला, कोणी वाचला, सगळं सांगितलं. त्या रडतील किंवा सुटल्यासारखं म्हणतील असं मला वाटलं असावं, कारण मी पाण्याची बाटली जवळ घेऊन बसले होते. रोजा आहे हे विसरूनच.

“येऊन राहिले म्हणजे आलं?” त्या म्हणाल्या. “असं कसं? आलं असतं तर मी ‘आले’ लिहिलं असतं ना. मला ‘आले’ लिहिता येत न्हाई का?”

“चूक आमची आहे.”

“थांबा मॅडम. मी दर हप्त्याला फोन करत होते. तुमच्याच हापिसातून सांगत होते, निकाली निघालं, निकाली निघालं. मला वाटलं, निकाल लागला, आता निघालं तिकडून. निघालेलं येऊनच राहणार ना? म्हणून मी पुन्हा तेच लिहिलं, येऊन राहिले.” त्यांनी चष्मा काढला. “हिंदीत ‘आ रहा है’ म्हणलं तर मुंबईपस्तोर कळतं. मराठीत तेच लिहिलं तर तुमाला कळंना. अन् मी तर बोलताना ‘ऱ्हायलं’ म्हणते, तुमच्यासाठी साफ करून ‘राहिले’ लिहिलं.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी ते येऊ नये असंही वाटलं. त्या मात्र हसत नव्हत्या.

“रिपोर्टात मी सगळं लिहिते आहे,” मी म्हटलं. “माझ्या नावासकट. कंत्राटाला अडचण येणार नाही, असं मी बघेन.”

“ते तर बघायलाच पाहिजे. पण रिपोर्ट तिकडं वाचतील. हितल्या लोकायला कोण सांगंल?” त्यांनी बाकांकडं हात केला. बाक अजून रिकामे होते. “माझा भाऊ बाजारात गेला तर त्याला विचारतात, तुझी बहीण कागद दाबून बसते म्हणं. माझी पोरगी कॉलेजात शिकते, तिला मैत्रिणी म्हणतात. काल ते काका बोलले ते ऐकलं ना तुमी? त्यांची चूक न्हाई. त्यांना तुमच्या हापिसानंच सांगितलं. आता तुमीच सांगा. एकेकाला. मी सांगितलं तर कुणी खरं धरणार न्हाई.”

“सांगेन,” मी म्हटलं.

“फोनवर न्हाई,” त्या म्हणाल्या. “हितं. माझ्या टेबलापाशी.”

अहवाल मी अक्कांच्या घरी तीन दिवस लिहीत होते. एरवी असं काम एका दुपारी होतं. एक वाक्य लिहायची, उठायची, अंगणात जायची, परत येऊन ते वाक्य खोडायची. सुधारणा सुचवणं सोपं गेलं. सद्यस्थितीच्या रकान्यात मोकळं वाक्य नको, ठरलेले पाच पर्याय द्यावेत: छपाई बाकी, छापले, पाठवले, केंद्रावर मिळाले, अर्जदाराला दिले. केंद्राला विचारल्याशिवाय नोंद निकाली काढू नये. हिंगोलीच्या टेबलावरच्या चिठ्ठ्यांसारख्या चिठ्ठ्या प्रत्येक केंद्रात लावाव्यात. चौकशीत नोंद आधी संबंधिताला दाखवावी. अडलं ते एकाच वाक्यापाशी: “सदर नोंदी चुकीच्या अर्थाने वाचून निकाली काढणारी अधिकारी मी स्वतः आहे.” त्यात ‘सदर’ ठेवायचं की नाही यावर माझा अर्धा दिवस गेला. शेवटी काढलं.

मुख्यालयातल्या बैठकीत ते वाक्य वाचलं गेलं तेव्हा कोणी हसलं नाही. नंतर एक सदस्य म्हणाले, केंद्रांना प्रमाण मराठीतच नोंदी करण्याचं परिपत्रक काढावं. मी म्हटलं, हिंगोलीत ते वाक्य बरोबर होतं, चुकलं ते वाचताना. एवढं बोलायलाही मला टेबलाची कड धरावी लागली. मला लोकांसमोर बोलता येत नाही, कधीच आलं नाही. परिपत्रक निघालं नाही. पाच पर्याय मंजूर झाले. बाईंचं कंत्राट वाढवलं, आणि मला लेखी समज मिळाली, ती माझ्या सेवापुस्तकाला जोडली आहे. छापलेली प्रमाणपत्रं टपालानं न पाठवता मी स्वतः नेईन असं मी सांगितलं. त्याला कोणाची हरकत नव्हती.

ईद होऊन गेली होती. मी गठ्ठा घेऊन केंद्रात पोचले तेव्हा बाईंनी सगळ्यांना फोन करून बोलावलेलंच होतं. बाक भरलेले, काही लोक जिन्यात उभे. बाईंनी त्यांच्या टेबलाशेजारी माझ्यासाठी एक खुर्ची ठेवली होती आणि टेबलावर जाड पोचवही.

पहिलं नाव सेनगावच्या मुलीचं निघालं. तिचे वडीलच आले होते, मुलगी पडताळणीच्या बाकीच्या कागदांसाठी तालुक्याला गेलेली. मी त्यांना प्रमाणपत्र दिलं आणि सांगितलं, जमेल तसं, की हे इथं कधी आलंच नव्हतं. मुख्य कार्यालयात अडकलं होतं, माझ्या चुकीमुळं. यांच्या कपाटात ते एक दिवसही नव्हतं. यांनी दर आठवड्याला मागितलं होतं.

ते ऐकत राहिले. “म्हणजे आपाकडं नव्हतंच?”

“कधीच नव्हतं.”

त्यांनी बाईंकडं पाहिलं. “आपा, त्या दिवशी मी जे बोललो ते…”

“आधी नाव वाचा पोरीचं,” बाई म्हणाल्या. “बराबर हाय का बघा. मग सही करा. हितं, रकान्यात.”

त्यांनी खिशातून चष्मा काढून मुलीचं नाव अक्षर अक्षर वाचलं. बराबर होतं. सही करून ते बाजूला झाले, पण गेले नाहीत. भिंतीशी उभे राहिले.

मी पुढचं नाव घ्यायला गठ्ठ्याकडं हात नेला. बाईंनी गठ्ठ्यावर हात ठेवला.

“मॅडम, तुमी काकांच्या कानात सांगितल्यासारखं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “मागच्यांना काय ऐकू गेलं असंल? जिन्यातल्यांनाबी ऐकू जाऊ द्या.”

बाकांवरचे सगळे माझ्याकडं पाहत होते. भिंतीजवळून ते काका म्हणाले, “व्हय, सांगा ना बाई. समद्यांना सांगा.”

मी खुर्चीतून उठले, जिन्याकडं तोंड केलं आणि जेवढा निघेल तेवढ्या मोठ्या आवाजात पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.